हायड्रॉलिक ट्रॉली घेताय? आधी टन काढा, मग फूट मोजा

ट्रॉलीच्या वर्कशॉपमध्ये पाय ठेवला की पहिला प्रश्न येतो, "दहा बाय सहा पाहिजे का अकरा बाय सहा?" गिऱ्हाईकही लगेच फुटांत बोलायला लागतं आणि सौदा लांबी, रंग आणि किमतीवर उरकतो. ट्रॉली किती टनांची, हा विषयच निघत नाही. ॲक्सल वाकतो, टायर फुटतो, तेलाच्या दाबानं डबा उचलणारा जॅक अर्ध्यात थांबतो ते मात्र वजनामुळे. म्हणून या लेखाचा क्रम उलटा आहे. आधी माल, मालावरून वजन, वजनावरून ट्रॅक्टर, चाकं आणि जॅक, आणि डब्याची लांबी-रुंदी सगळ्यात शेवटी.

नागपूरच्या आसपास ट्रॉली घेणारे तीन प्रकारचे लोक दिसतात. शेणखत, माती आणि वावरातला माल वाहणारा कास्तकार. रेती, गिट्टी, विटा आणि साइटचं सामान हलवणारा लहान ठेकेदार. आणि हंगामात वावरात, उन्हाळ्यात बांधकामावर असं दोन्हीकडे ट्रॉली फिरवणारा. तिसऱ्यानं सगळ्यात जास्त विचार करायला हवा. त्याच्या ट्रॉलीला पांदण रस्त्याचा चिखलही सोसायचा असतो आणि आरटीओचा कागदही.

एक गोष्ट सुरुवातीलाच. रोजची वाहतूक तीस-चाळीस किलोमीटरची असेल तर ट्रॉलीच्या नादी लागू नका. भरलेला ट्रॅक्टर ताशी पंचवीसच्या पुढे नेणं धोक्याचं, त्यात डिझेल आणि दिवस दोन्ही जातात. तिथे जुना टिपर किंवा भाड्याची गाडी परवडते. ट्रॉलीचं खरं राज्य पंधरा-वीस किलोमीटरच्या आत, आणि जिथे टिपरचं चाक जात नाही अशा वावरात, गल्लीत, अर्धवट लेआउटमध्ये.

माल कोणता, वजन किती

आपल्याकडे सगळा हिशोब ब्रासमध्ये चालतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि वीस इंच उंच डब्यात काठोकाठ एक ब्रास बसतो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण एक ब्रास हे माप आहे, वजन नाही, आणि मालागणिक ते वजन दुपटीहून जास्त बदलतं.

कोरडी रेती घनमीटरला साधारण १.६ टन भरते, म्हणजे ब्रासला साडेचार टन. तीच रेती कन्हानच्या पात्रातून ओली आली तर ब्रासचं वजन पाच टनांच्या पुढे सहज जातं. वीस मिलिमीटरची गिट्टी सव्वाचार टनांच्या आसपास. मुरूम साडेचार ते पाच, पावसात भिजला की त्याहून जास्त. लाल विटेचं वजन तीन किलोच्या जवळपास असतं, म्हणजे दीड हजार विटा साडेचार टन. सिमेंटच्या शंभर गोण्या पाच टन. उलट कुजलेलं शेणखत ब्रासला दीड-दोन टनांतच आटोपतं. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची कोरडी राखही हलकी, पण पाणी मारलेली राख हलकी समजून काठोकाठ भरली की फसगत होते.

त्यात शीग. काठापर्यंत भरून वर एक फुटाचा ढीग लावला तर दहा बाय सहाच्या डब्यात जवळपास २४ घनफूट माल वाढतो. म्हणजे पाव ब्रास, ओल्या रेतीचा सव्वा टन. बघणाऱ्याला ‘थोडीशी शीग’ वाटते, ॲक्सलला ती सव्वा टन वाटते.

आता एका कागदावर लिहा: तुम्ही वाहणार त्यातला सगळ्यात जड माल, तो सगळ्यात ओला असतो तो दिवस, आणि तुमचा लोडरवाला लावतो तेवढी शीग. तिन्हींचं मिळून येणारं वजन हा तुमचा खरा आकडा. बहुतेकांचा तो साडेपाच ते सहा टनांवर येतो आणि त्यांनी ‘एक ब्रासची, म्हणजे चार टनांची’ म्हणून ट्रॉली मागितलेली असते. त्यात रिकाम्या ट्रॉलीचं स्वतःचं वजन मिळवा. हायड्रॉलिक ट्रॉली दीड ते दोन टनांची असते, नेमकं वजन धर्मकाट्यावर कळतं. एकूण झाले सात ते आठ टन.

इथे दोनच रस्ते उरतात. एक तर ट्रॉली त्या आकड्याची घ्यायची, नाही तर डब्याची उंचीच कमी करून घ्यायची. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. मुख्य काम रेती-मुरुमाचं असेल तर फाळके, म्हणजे डब्याच्या बाजूच्या भिंती, सोळा इंचांचेच बनवा, त्यात पाऊण ब्रासच्या किंचित वर माल बसतो. शेणखतासाठी वरून खोचायच्या जाळीच्या फळ्या वेगळ्या करून घ्या. डबा मोठा असला की तो भरलाच जातो. मालक साइटवर नसला की हमखास.

तुमचा ट्रॅक्टर काय ओढेल

"चाळीस एचपीचा आहे, सगळं ओढतो" हे डांबरी रस्त्यावर खरं आहे. डांबरावर आठ टनांची ट्रॉली सरळ ओढायला वजनाच्या दोनेक टक्के जोर पुरतो, म्हणजे दीडशे-पावणेदोनशे किलो. तीच ट्रॉली नदीच्या पात्रात किंवा नांगरलेल्या वावरात घातली की वजनाच्या दहा-पंधरा टक्के जोर लागतो, आणि नदीच्या घाटातून वर येणारी वाट दहाला एक अशी चढाची असेल तर आणखी दहा टक्के. सगळं मिळून सोळाशे ते दोन हजार किलो. दोन टनांच्या ट्रॅक्टरची मागची चाकं अशा ठिकाणी एवढा जोर देऊ शकत नाहीत. इंजिनात ताकद असते, पण चाकं जागीच फिरतात. ट्रॅक्टर फसला तो एचपी कमी पडल्यामुळे असं लोक समजतात. खरं तर तिथे पकड कमी पडलेली असते.

म्हणून दोन चाकी ट्रॉलीचा हुकवर येणारा भार महत्त्वाचा. एका ॲक्सलच्या ट्रॉलीत ॲक्सल डब्याच्या मध्याच्या थोडा मागे असतो, त्यामुळे मालाचा काही हिस्सा ट्रॅक्टरच्या हुकवर येतो आणि मागच्या चाकांना पकड मिळते. हा हिस्सा भरलेल्या ट्रॉलीच्या साधारण दहा ते पंधरा टक्के असावा. कमी असला तर चाकं फिरतात. फार जास्त झाला तर चढावर ट्रॅक्टरचं पुढचं चाक उचलतं, स्टिअरिंग हलकं लागतं, आणि ते हलकं लागणं ही धोक्याची घंटा असते. वर्कशॉपवाल्याला विचारा, "भरल्यावर हुकवर किती येतं?" तो हसला तर ते काम तुम्हालाच करायचं आहे. भरलेल्या ट्रॉलीची ट्रॅक्टरसकट धर्मकाट्यावर नोंद घ्या, मग फक्त ट्रॉलीची चाकं काट्यावर ठेवून पुन्हा घ्या. पहिल्यातून दुसरं आणि ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन वजा केलं की हुकचा भार हाती येतो.

ट्रॅक्टरची खरी ताकद कागदावर बघायची असेल तर मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण आणि चाचणी संस्थेचा अहवाल मागा. त्यात ड्रॉबारवर, म्हणजे मागच्या ओढदांडीवर, मिळणारी ओढ आणि हायड्रॉलिक पंपाचं तेल किती, दाब किती, हे आकडे असतात. माहितीपत्रकातल्या एचपीपेक्षा हे दोन आकडे ट्रॉलीसाठी जास्त कामाचे.

ढोबळ मत विचाराल तर ३५ ते ४० एचपीला पाऊण ब्रास, ४५ ते ५० ला एक ब्रास. दीड-दोन ब्रासची मागे दोन ॲक्सल असलेली ट्रॉली ५० च्या वरच्या, स्वतः जड असलेल्या ट्रॅक्टरलाच लावावी.

दोन चाकं, चार चाकं की मागे दोन ॲक्सल

दोन चाकी ट्रॉली मागे घ्यायला सोपी, गल्लीत वळते, हुकवर भार देते, स्वस्त पडते. नागपूरच्या जुन्या वस्त्यांत किंवा पांदणीत काम करणाऱ्याला हीच बरी. तिचा एक स्वभाव मात्र ध्यानात ठेवा. पलटी मारताना, म्हणजे डबा उचलून माल ओतताना, माल मागे सरकतो आणि ॲक्सलच्या मागचा भाग जड होतो, तेव्हा टांग (हुकला जोडायचा ट्रॉलीचा पुढचा दांडा) ट्रॅक्टरच्या हुकला खाली दाबण्याऐवजी वर उचलायला लागते. ओला मुरूम डब्याच्या शेवटी चिकटून बसला तर ट्रॅक्टरचं मागचं चाक हलकं झालेलं डोळ्यांनी दिसतं. हुकच्या पिनेला खालून लॉक क्लिप नसेल तर पीन उडते आणि टांग सुटते. क्लिप दहा-वीस रुपयांची असते. तिच्या जागी तारेचा तुकडा गुंडाळलेली कोणतीही ट्रॉली घेऊ नका, चालवू नका.

चार चाकी, पुढचा ॲक्सल वळवणाऱ्या टर्नटेबलची ट्रॉली सगळं वजन स्वतःच्या चाकांवर घेते. लांब सरळ रस्त्याला आणि हलक्या ट्रॅक्टरला ती बरी, पण मागे घेताना चांगल्या ड्रायव्हरचाही घाम काढते. रोज साइटवर पलटी मारायची असेल तर मी ती सुचवणार नाही.

मागे दोन ॲक्सल जवळजवळ असलेली ट्रॉली खड्ड्यांतून कमी उसळते आणि वजन चार चाकांवर वाटते. मात्र जागेवर वळताना टायर घासतात, आणि काळ्या मातीत पूर्ण वळण घेतलं की चिखलाचे ढीग उकरते. मोठा माल आणि मोठा ट्रॅक्टर असेल तरच.

टायरबद्दल थोडं सविस्तर, कारण पैसे इथेच वाचवले जातात. टायरच्या बाजूवर एक आकडा छापलेला असतो, तो भाराचा निर्देशांक. १२१ असेल तर तो टायर १,४५० किलो पेलतो, १४० असेल तर २,५०० किलो. ट्रॉलीच्या चाकांवर येणारा भार भागिले टायरांची संख्या, एवढाच हिशोब. आठ टनांतले एक टन हुकवर गेले तर चाकांवर सात राहिले. १४० च्या दोन टायरांत ते बसत नाहीत, चार लागतात, म्हणजे एका ॲक्सलवर जोडटायर किंवा दोन ॲक्सल. टायर वर्कशॉपवाल्याच्या मर्जीवर सोडलेत तर ट्रकचे उतरलेले, रबर चढवलेले टायर येतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला, रस्ता तापला, वर जादा भार असला, की पहिल्यांदा हेच रबर सुटतं. किंमत ठरवतानाच टायर नवे की चढवलेले, कोणत्या मापाचे आणि किती प्लायचे (थरांचे), हे बिलावर लिहून घ्या.

जोडटायरची एक अडचणही आहे. खदानीतून येताना दोन टायरांच्या मधे गिट्टीचा दगड अडकतो आणि रस्त्यावर वेग घेतला की मागच्या गाडीच्या काचेवर जातो. खदानीच्या फाटकाबाहेर उतरून एकदा बघायची सवय ड्रायव्हरला लावा.

जॅक: सगळा खेळ इथे आहे

हायड्रॉलिक ट्रॉलीत जॅक दोन जागी बसतो. डब्याच्या पुढच्या टोकाला, किंवा डब्याच्या पोटाखाली. पुढे असला तर तरफेचा फायदा मिळतो आणि मालासकट डब्याच्या जवळपास निम्म्या वजनाएवढा जोर लागतो. पोटाखाली, बिजागरीच्या जवळ असला तर उचल सुरू होताना एकूण वजनापेक्षाही जास्त जोर लागतो. तरी बरेच जण पोटाखालचा बसवतात, कारण तो लांबीला कमी आणि स्वस्त पडतो.

हिशोब अवघड नाही. ट्रॅक्टरची हायड्रॉलिक साधारण १५० बारवर काम करते असं धरा. एक बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. ७० मिलिमीटर व्यासाच्या जॅकचं क्षेत्रफळ ३८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे जोर पावणेसहा टनांच्या आसपास. ९० मिलिमीटरचा साडेनऊ टन देतो, ११० चा चौदा टनांच्या वर. सहा टन माल आणि पाऊण टनाचा डबा पुढून उचलायला साडेतीन टन पुरतात. पोटाखालून मात्र आठ-नऊ टन लागू शकतात, आणि तिथे ७० चा जॅक हमखास अडतो. टेलिस्कोपिक जॅकमध्ये सुरुवातीला सगळ्यात जाड नळी काम करते, शेवटची सगळ्यात बारीक असते. शेवटी माल उतरत गेलेला असतो म्हणून ती चालून जाते. पण माल चिकटला असेल तर तीच बारीक नळी वाकते. ओल्या काळ्या मातीत वाकलेले जॅक बहुतेक असेच वाकलेले असतात.

तेलाचं गणित त्याहून दुर्लक्षित. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर बॉक्स आणि हायड्रॉलिक यांचं तेल एकच असतं. जॅक पूर्ण वर जाताना आठ-दहा लिटर तेल ओढून घेतो. तेवढं कमी झाल्यावर तेलाची पातळी पंपाच्या तोंडाखाली गेली की पंप हवा ओढतो आणि डबा अर्ध्यात थरथरत थांबतो. ट्रॅक्टर चढावर तोंड करून उभा असेल तर आणखी लवकर. लोक जॅकला दोष देतात आणि सील बदलत बसतात. ट्रॉली पहिल्यांदा जोडली की जॅक दोन-तीनदा पूर्ण वर-खाली करा, खाली आणून डिपस्टिक बघा आणि कमी झालेलं तेल भरा. ट्रॅक्टरला किती जादा तेल चालतं हे मेकॅनिककडून आधी विचारून ठेवा. होस पाइप जोडायच्या कपलरचं तोंड जोडण्याआधी फडक्यानं पुसा. रेतीचा कण आत गेला की तो जॅकमध्ये राहत नाही, ट्रॅक्टरच्या पंपापर्यंत पोचतो. दुसऱ्याची ट्रॉली आपल्या ट्रॅक्टरला लावून द्यावी लागली तर तिच्यातलं तेल आपल्या गिअर बॉक्समध्ये येतं, हेही डोक्यात असू द्या. ते दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी आहे, जोडू नका.

आणखी एक. सकाळी सहज उचलणारा जॅक दुपारी एकला अडत असेल तर तेल तापून पातळ झालेलं असतं आणि झिजलेला पंप दाब धरत नसतो. म्हणून ट्रायल घ्यायची तर उन्हात, ट्रॅक्टर तासभर चालवून मग घ्या.

पलटीचा कोन ४५ अंशांपेक्षा कमी नको. कोरडी रेती ३०-३५ अंशांवर सरकायला लागते, ओला मुरूम आणि काळी माती ५० अंशांनाही हटवादीपणा करतात. तुमच्या मालात माती असेल तर ५० अंश मागा आणि डब्याचे आतले कोपरे काटकोनात न ठेवता तिरकी पट्टी मारून घ्या. चिकटणं कमी होतं.

डबा, फाळके, चेसिस

तळाला पाच मिलिमीटर पत्रा, बाजूंना तीन. खदानीतले बोल्डर टाकणार असाल तर तळ सहाचा. दहा बाय सहाच्या तळात दर एका मिलिमीटरला सुमारे ४४ किलो वजन वाढतं, म्हणजे पाचाच्या जागी आठचा पत्रा लावण्यात शहाणपण नाही. तो भार रोज रिकामा वाहाल. पत्रा खरंच पाचाचा आहे का हे रंग मारण्याआधी कडेला व्हर्निअर लावून बघा. रंगानंतर सगळे पत्रे सारखेच दिसतात.

तळाखालचे आडवे चॅनल किती अंतरावर आहेत ते पत्र्याच्या जाडीइतकंच महत्त्वाचं. दीड फुटापेक्षा जास्त अंतर असेल तर वर्षभरात तळ लाटांसारखा दिसायला लागतो. बिजागरीच्या जागी आणि टांग चेसिसला मिळते तिथे वरून जाड पट्टी असावी, वेल्डिंग सलग असावं. ठिपक्या-ठिपक्यांचं नको.

मागचा फाळका वरून लोंबणारा असेल तर रेती-गिट्टी आपोआप मोकळी होते. खालून उघडून आडवा पडणारा असेल तर यंत्र चढवायला सोयीचा. दोन्हीकडून उघडेल असा करून घ्या, खर्च थोडाच वाढतो. फाळक्याच्या कडेला रबरी पट्टी हवीच. तिच्याविना ओली रेती सगळ्या रस्त्यावर पाझरते आणि राख उडत जाते. ताडपत्री बांधायचे हूक बाहेरून, दर दीड-दोन फुटांवर.

साइटचं सामान वाहणाऱ्यांसाठी: मिक्सर, प्लेट कॉम्पॅक्टर, व्हायब्रेटर, सेंट्रिंगच्या प्लेटा यांना तळात बुडवलेल्या कड्या लागतात, किमान सहा. वर आलेल्या कड्या फावड्याला अडतात आणि आठवड्यात कापून टाकल्या जातात. यंत्र ॲक्सलच्या किंचित पुढे ठेवा, चारही बाजूंनी रॅचेटच्या पट्ट्यांनी बांधा. सुती दोर नको. यंत्र बांधलेलं असताना पलटीचा लिव्हर चुकूनही ओढला जाऊ नये म्हणून होस पाइप काढून ठेवलेला बरा. प्लेटांचा थर खेटून रचा, वर एक आडवा पट्टा टाका. पाण्यानं अर्धी भरलेली टाकी मात्र नेऊ नका. वळणावर पाणी एका बाजूला धावतं आणि दोन चाकी ट्रॉली आडवी होते. सळईचं तर सांगायलाच नको. ती बारा मीटरची, दुमडली तरी वीस फूट, आणि तुमचा डबा दहा फुटांचा. डब्याबाहेर आलेली सळई मागच्या दुचाकीवाल्याच्या छातीच्या उंचीला असते. तिला वेगळी गाडी करा.

ब्रेक आणि दिवे

आठ टनांची ट्रॉली आणि ब्रेक फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना, अशी आपल्याकडची रीत आहे. सपाटीला निभतं. खदानीच्या उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते आणि बाजूनं आडवी येते. ब्रेक पाहिजेत असं सांगितल्यावर वर्कशॉपवाला "कोणी लावत नाही" म्हणेल. तुम्ही लावून घ्या. ढकल लागली की आपोआप दाबणारे किंवा ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर चालणारे, कोणतेही. शिवाय उभी ट्रॉली जागेवर धरणारा हँडब्रेक आणि चाकाखाली लावायच्या दोन लोखंडी पाचरी.

मागे दोन लाल दिवे, इंडिकेटर, लाल त्रिकोण आणि दोन्ही बाजूंना रिफ्लेक्टरची पट्टी. चिखलानं माखलेली ट्रॉली रात्री रस्त्यावर दिसतच नाही, तेव्हा दिवे फाळक्याच्या आडोशाला बसवा आणि आठवड्यातून एकदा पुसा.

कागद: स्वस्त ट्रॉली इथे महाग पडते

मोटार वाहन कायद्यात ट्रॉली हे वेगळं वाहन आहे. तिची स्वतंत्र नोंदणी होते, तिला स्वतःचा नंबर मिळतो, विम्यातही तिचा उल्लेख लागतो. नोंदणीसाठी फॉर्म २० चा अर्ज, विक्रेत्याचा फॉर्म २१ आणि निर्मात्याचा फॉर्म २२ लागतो. रस्त्याकडेच्या वर्कशॉपनं बनवलेल्या ट्रॉलीचं मॉडेल मंजूर नसेल तर तो फॉर्म २२ देऊच शकत नाही. इथेच स्वस्त आणि महाग ट्रॉलीतला फरक दडलेला असतो. पैसे देण्याआधी मंजुरीची प्रत आणि चेसिसवर कोरलेला नंबर बघा. पत्त्यानुसार नोंदणी एमएच ३१, ४० की ४९ कडे जाईल ते ठरतं: शहर, ग्रामीण, पूर्व.

शेतीच्या नावानं नोंदलेल्या ट्रॅक्टरनं दुसऱ्याची रेती भाड्यानं वाहिली तर तो धंदा झाला. त्याला वाहतुकीची नोंदणी, कर आणि परवाना वेगळा. अपघात झालाच तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच बघते. जादा वजनासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा. आधी काढलेली ती सव्वा टनाची शीग इथे पैशांत मोजली जाते.

रेती, मुरूम, गिट्टी हे गौण खनिज. राज्य सरकारच्या ‘महाखनिज’ या ऑनलाइन प्रणालीतून निघालेला वाहतूक पास गाडीबरोबर नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली माल तर जातोच, ट्रॅक्टर-ट्रॉलीही तहसीलच्या आवारात जाऊन उभी राहते. पावसाळ्यात नदीतून रेती काढायला बंदी असते. त्या महिन्यांतली ‘स्वस्त रेती’ कुठून आली हे ट्रॉलीवाल्यानं विचारलेलं बरं, कारण पकडली जाते ती त्याची ट्रॉली.

जुनी घ्यायची तर

रंग नवा असेल तर संशय घ्या. बिजागरी, टांगेचा जोड आणि ॲक्सलच्या बैठकीजवळ रंग खरवडून वेल्डिंगवर वेल्डिंग आहे का ते पाहा. ट्रॉली सपाट जागी उभी करून मागून दोन्ही बाजूंची उंची मोजा. स्प्रिंगची एक कमान बसली असेल तर लगेच कळतं. जॅक पूर्ण वर काढून नळ्यांवर बोट फिरवा. खरबरीत लागली तर सील टिकणार नाहीत. चाक उचलून हलवा, बेअरिंगचा खेळ हाताला जाणवतो. आणि आरसीवरचा चेसिस नंबर कोरलेल्या नंबराशी जुळवा, बँकेचा बोजा उतरला आहे का बघा.

ट्रायलशिवाय शेवटचा हप्ता नको

रिकामी ट्रॉली धर्मकाट्यावर घ्या. मग तुमच्याच मालानं भरा, तुमच्याच ट्रॅक्टरला लावा, सपाट आणि टणक जागी डबा निम्मा उचला, इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. डबा खाली सरकत असेल तर सील किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे. या वेळात डब्याखाली कोणीही वाकायचं नाही. खाली काम करायचं तर लोखंडी टेकू लावूनच, आणि तो टेकू ट्रॉलीबरोबरच कायमचा जोडलेला असावा. बनवून घेतानाच मागा.

मग पूर्ण पलटी. दहा फुटांचा डबा ४५ अंशांवर गेला की त्याचं पुढचं टोक जमिनीपासून बारा फुटांपर्यंत पोचतं, आणि गावाकडे घरावरून गेलेल्या विजेच्या तारा कित्येकदा याच उंचीला लोंबत असतात. पलटी मारण्याआधी वर बघण्याची सवय ड्रायव्हरला पहिल्या दिवसापासून लागली पाहिजे. डबा वर असताना ट्रॅक्टर पुढे घेऊन माल पसरवण्याची घाई नको, विशेषतः एक चाक भुसभुशीत मातीत असताना.

भरलेल्या ट्रॉलीनं एखादा लहान चढ चढा, उतरताना ब्रेक दाबा, मागे वळून ट्रॉली सरळ रेषेत येते का बघा. थांबल्यावर हब हाताला किती गरम लागतो ते पाहा. एकच हब पोळत असेल तर बेअरिंग आवळलेलं आहे. हे सगळं झाल्यावर जॅक, ॲक्सल आणि वेल्डिंगची हमी किती महिन्यांची हे पक्क्या बिलावर लिहून घ्या, आणि जॅक कोणाच्या बनावटीचा व त्याचं सील किट नागपुरात कुठे मिळतं, तेही त्याच बिलाच्या मागे.